फ्रिजच्या कॉम्प्रेसरचं वाइंडिंग आणि त्या तीन पिना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करताना एक वाक्य आम्ही जवळपास रोज ऐकतो, "कॉम्प्रेसर गेलाय म्हणत्यात, बदलायच लागतोय काय?" बऱ्याच वेळा उत्तर 'नाही' असं असतं. बिघाड असतो तो कॉम्प्रेसरच्या डब्याच्या बाहेर: रिलेत (मोटर सुरू करून देणारा भाग), ओव्हरलोडमध्ये (मोटर तापली की सप्लाय तोडणारा भाग), जळक्या लगमध्ये (पिनेवर बसणारी वायरच्या टोकाची क्लिप), नाहीतर घरात येणाऱ्या व्होल्टेजमध्ये. पण तीन पिनांना मीटर न लावताच कॉम्प्रेसर बाद ठरतो आणि गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात. त्यासाठीच हे प्रश्न एकत्र केले आहेत. काही गिऱ्हाइकांचे आहेत, काही आमच्याकडं काम शिकायला येणाऱ्या पोरांचे.

कॉम्प्रेसरच्या त्या काळ्या डब्यात असतं तरी काय?

एकाच शाफ्टवर मोटर आणि पंप. दोन्ही पोलादी डब्यात घालून डबा वेल्डिंगनं कायमचा बंद केलेला असतो. मोटरचा बाहेरचा न फिरणारा भाग म्हणजे स्टेटर. त्याच्या खाचांत इनॅमल (विजेला अडवणारा पातळ लेप) चढवलेली तार गुंडाळलेली असते, तेच वाइंडिंग. मधला रोटर ॲल्युमिनियमच्या दांड्यांच्या पिंजऱ्याचा. त्याला एकही वायर जोडलेली नसते. स्टेटरच्या चुंबकीय क्षेत्रामुळं त्याच्यात आपोआप करंट तयार होतो आणि तो फिरतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ सप्लायवर दोन पोलची मोटर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या जरा खाली, साधारण २८५० ते २९०० फेऱ्यांनी चालते.

घरातल्या पाण्याच्या पंपाची मोटर हवेत असते. इथं वाइंडिंग तेलात आणि गॅसमध्ये नांदतं. परत येणारा थंड गॅस त्याच्यावरून जातो आणि त्याला गार ठेवतो. गॅस गळून कमी झाला तर फ्रिज थंड होत नाहीच, शिवाय वाइंडिंगही तापू लागतं. "चालतोय की अजून, बघू नंतर" म्हणत गळका फ्रिज महिनोन् महिने चालवणं म्हणजे पुढं कॉम्प्रेसर घालवणं.

पिना तीनच का?

सिंगल फेज कॉम्प्रेसरमध्ये वाइंडिंग दोन असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. दोन वाइंडिंगची टोकं चार. त्यातली दोन आतच एकत्र जोडून एका पिनेवर काढतात, ती कॉमन. उरलेल्या दोन म्हणजे रनिंग आणि स्टार्टिंग.

या पिना डब्यात काचेनं बसवलेल्या असतात. धातूच्या चकतीत काच वितळवून त्यात पिन पक्की करतात, म्हणजे वीज आत जाते पण गॅस बाहेर येत नाही आणि पिन डब्याच्या लोखंडालाही चिकटत नाही. म्हणून घट्ट बसलेली लग पक्कडीनं हिसडायची नाही, पिन वाकवायची नाही, तिच्यावर ठोकायचं नाही. काचेला केसाएवढी चीर गेली तरी गॅस हळूहळू निघून जातो, आणि ती गळती शोधताना भले भले हैराण होतात.

एका वाइंडिंगवर मोटर का चालू होत नाही?

सायकलचं पायडल बरोबर वर आहे असं समजा. त्यावर उभं राहून कितीही दाबलं तरी चाक हलत नाही, कारण सगळा जोर सरळ खाली जातो. पायडल जरा पुढं सरकवलं की तोच जोर चाक फिरवतो. सिंगल फेजवर एकट्या रनिंग वाइंडिंगचं असंच होतं. त्याचं चुंबकीय क्षेत्र एकाच रेषेत मागं-पुढं होतं, फिरत नाही. थांबलेल्या रोटरला कुठल्या बाजूला जायचं हे त्यातून कळत नाही. तो नुसता गुणगुणतो, भरमसाट करंट ओढतो आणि तापतो.

स्टार्टिंग वाइंडिंग ही अडचण सोडवतं. ते स्टेटरमध्ये रनिंगच्या काटकोनात बसवलेलं असतं आणि बारीक तारेचं असतं. तार बारीक म्हणून रेझिस्टन्स जास्त, त्यामुळं त्यातला करंट रनिंगच्या करंटच्या थोडा पुढं धावतो. जागा वेगळी आणि वेळही वेगळी, अशी दोन क्षेत्रं एकत्र आली की मिळून फिरणारं क्षेत्र तयार होतं आणि रोटरला दिशा मिळते. नुसत्या जास्त रेझिस्टन्सनं हा फरक साधारण ३० अंशांपर्यंत मिळतो. स्टार्टिंगच्या वाटेत कपॅसिटर घातला की तो ९० अंशांच्या जवळ जातो आणि सुरुवातीचा जोर खूप वाढतो. दुकानातल्या मोठ्या डीप फ्रीजरला म्हणूनच कपॅसिटर लागतो आणि घरच्या छोट्या फ्रिजचं पुष्कळदा त्याच्याविना भागतं.

मोटरनं वेग घेतला की स्टार्टिंगचं काम संपलं. बारीक तार सतत करंट सोसायला केलेलीच नसते. ती सर्किटमध्ये राहिली तर थोड्याच वेळात जळते. स्टार्टिंग आणि रनिंगच्या वायरी उलट्या लावल्या तर नेमकं हेच घडतं.

पिना ओळखायच्या कशा?

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करू नका, प्लगच भिंतीतून काढा. कपॅसिटर असेल तर तो रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा. मग रिले, ओव्हरलोड, कपॅसिटर, सगळ्या वायरी पिनांवरून काढा. हे न करता घेतलेलं रीडिंग वाइंडिंगचं नसतं, सगळ्या गोतावळ्याचं असतं. पिना काळ्या पडल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरनं पुसा. मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स बघून घ्या आणि पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून तो वजा करा. फ्रिजला याचा फारसा फरक पडत नाही. पण दीड टनाच्या एसीच्या कॉम्प्रेसरचं रनिंग एक-दोन ओहमच असतं, तिथं प्रोबचा अर्धा ओहमसुद्धा फसवतो.

आता तीन पिनांच्या तीन जोड्या मोजा. समजा १२, २० आणि ३२ ओहम आले. सर्वात मोठं रीडिंग ज्या दोन पिनांत आलं त्या स्टार्टिंग आणि रनिंग, कारण तिथं करंट दोन्ही वाइंडिंगमधून ओळीनं जातो. राहिलेली तिसरी पिन कॉमन. आता कॉमनवरून बाकीच्या दोघींकडं बघा: कमी ओहम (१२) ती रनिंग, जास्त ओहम (२०) ती स्टार्टिंग. आणि बेरीज जुळली पाहिजे, १२ आणि २० मिळून ३२. बेरजेत थोडासा इकडं-तिकडं फरक चालतो. मोठा फरक आला तर आधी प्रोब नीट टेकलाय का बघा, कॉम्प्रेसरवर शंका नंतर.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. पाठ करायची ती पद्धत. "वरची पिन कॉमन" किंवा "पुस्तकासारखं डावीकडून वाचायचं, कॉमन-स्टार्टिंग-रनिंग" असे नियम पोरं एकमेकांना सांगतात. काही कंपन्यांना ते लागू पडतात, काहींना पडत नाहीत. मीटर असताना अंदाजावर वायर लावायची गरजच काय?

तिन्ही जोड्यांचं रीडिंग सारखंच आलं. वाइंडिंग शॉर्ट आहे का?

बहुतेक तो इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल. त्यात तीन सारखी वाइंडिंग असतात, स्टार्टिंग-रनिंग असा भेदच नसतो. तिन्ही रीडिंग सारखी येणं ही त्याच्या तब्येतीची खूण आहे. त्याला रिलेही नसतो. मागं बसवलेलं कार्ड तीन पिनांना पाहिजे तेवढ्या वेगाचा सप्लाय बनवून देतं.

हात जोडून सांगतो, अशा कॉम्प्रेसरला थेट २३० व्होल्ट लावून "चालतोय का बघू" करू नका. तो चालणार नाही आणि चांगलं असलेलं वाइंडिंग जळू शकतं. तीन रीडिंग सारखी असतील, पिना आणि बॉडी (डबा) यांच्यात काही रीडिंग येत नसेल, तर पुढचा संशय कार्डावर घ्यायचा.

कॉमनवरून दोन्हीकडं काहीच दाखवत नाही, पण स्टार्टिंग-रनिंगमध्ये रीडिंग येतंय. कॉम्प्रेसर गेला ना?

थांबा. इथंच सर्वात जास्त चांगले कॉम्प्रेसर भंगारात जातात.

एसीच्या बऱ्याच कॉम्प्रेसरमध्ये आणि काही मोठ्या फ्रीजरमध्ये ओव्हरलोड डब्याच्या आत, कॉमनच्या वाटेवरच बसवलेला असतो. वाइंडिंग तापलं की तो उघडतो आणि कॉमन तुटल्यासारखं दिसतं. वाइंडिंग मात्र शाबूत असतं. स्टार्टिंग-रनिंगमधलं रीडिंग तेच सांगत असतं. डब्याला हात लावून बघा. चटका बसत असेल तर तो पूर्ण गार होऊ द्या. जाड डबा आणि आतलं तेल गार व्हायला तास-दोन तास लागू शकतात. बाहेरच्या युनिटचा कॉम्प्रेसर असेल, सप्लाय पूर्ण तोडलेला असेल आणि टर्मिनल (वायरी जोडायच्या पिना) झाकलेले असतील, तर डब्यावर पाणी सोडून लवकर गार करता येतो. मग परत मोजा. अगदी थंड असताना सुद्धा कॉमन उघडंच राहिलं, तर मात्र आतला ओव्हरलोड किंवा कॉमनची तार गेली असं समजायचं.

रीडिंग परत आलं म्हणून काम संपत नाही. तो कशानं तापला, हे शोधायचं राहतंच.

सकाळी ११ ओहम होते, दुपारी १३ झाले. मीटर खराब आहे का?

मीटर बरोबर आहे. तांब्याचा रेझिस्टन्स दर एक अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्के वाढतो. रात्रभर बंद असलेला कॉम्प्रेसर आणि तासभर चाललेला कॉम्प्रेसर यांच्यात ५० अंशांचा फरक सहज असतो, म्हणजे जवळजवळ २० टक्क्यांनी रीडिंग वर जाणार. दोन कॉम्प्रेसरची तुलना करायची तर दोन्ही गार असताना करा.

बॉडीला शॉर्ट आहे का ते कसं कळतं?

प्रत्येक पिन आणि डबा यांच्यात मोजायचं. डब्याच्या रंगावर प्रोब टेकवू नका. रंग खरवडून किंवा तांब्याच्या नळीवर टेकवा. साध्या मीटरवर काहीही रीडिंग आलं तर तो कॉम्प्रेसर संपला. काही आलं नाही तर मात्र तो चांगलाच आहे असं छातीठोक म्हणता येत नाही, कारण मीटर आपल्या छोट्या बॅटरीच्या व्होल्टेजवर तपासतं आणि इनॅमलचा कच्चेपणा २३० व्होल्टला उघडा पडतो. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर. एक मेगओहमच्या खाली आलं तर चालू करायचं नाही. चांगल्या कॉम्प्रेसरचं रीडिंग त्याच्या कितीतरी पट वर असतं.

सिस्टीममध्ये व्हॅक्यूम असताना मेगर कधीही लावू नका, कॉम्प्रेसरही चालू करू नका. हवा किंवा गॅस विरळ झाला की आतल्या पिनांमध्ये ठिणगी सहज उडते आणि धडधाकट टर्मिनल त्यात खराब होतात.

फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणून फोन करणारे प्रत्येक वेळी कॉम्प्रेसरचाच बळी देऊ पाहतात. दोष वायरचा असू शकतो, डीफ्रॉस्ट हीटरचा असू शकतो आणि पुष्कळ जुन्या घरांत अर्थिंगच नसतं. कॉम्प्रेसरच्या पिना सोडवून वेगळ्या मोजल्या की खरं काय ते पाच मिनिटांत कळतं.

"टक्" आवाज येतो, गुणगुणतो आणि परत "टक्" करून बंद पडतो. हे काय?

तो आवाज ओव्हरलोडचा. बाहेरचा ओव्हरलोड म्हणजे दोन धातूंची चकती, जादा करंट किंवा डब्याची उष्णता लागली की उलटी वाकून सर्किट तोडणारी. मोटर उठत नाहीये, जड करंट ओढतेय आणि ओव्हरलोड तिला वाचवतोय. काही मेकॅनिक त्याला वायर टाकून बायपास करतात. वाइंडिंगचं शेवटचं संरक्षण त्या वायरनं जातं. ते काम आमच्या दुकानात कुणी केलेलं आम्ही खपवून घेत नाही.

मोटर का उठत नाही? पहिला संशय रिलेवर. छोट्या फ्रिजला हल्ली पीटीसी असतो, म्हणजे बटणाएवढी सिरॅमिकची चकती. गार असताना तिचा रेझिस्टन्स काही दहा ओहमच, त्यामुळं स्टार्टिंगला करंट मिळतो. करंट गेला की ती सेकंदाच्या आत तापते, रेझिस्टन्स हजारो ओहमवर जातो आणि स्टार्टिंग जवळजवळ तुटतं. काढून हातात घेऊन हलवा. आत खुळखुळलं तर चकती फुटली. नवा पीटीसी कॉम्प्रेसरच्या मानानं अगदी स्वस्तात येतो, हे मुद्दाम लिहितोय.

पीटीसीला गार व्हायला तीनेक मिनिटं लागतात. लाइट गेली आणि लगेच आली तर तो अजून गरमच असतो, स्टार्टिंगला करंट मिळत नाही. त्यात आतल्या दोन्ही बाजूंचा दाबही समान झालेला नसतो. दोन्ही कारणांनी मोटर अडते. स्टॅबिलायझरमध्ये तीन मिनिटांचा टाइम डिले घेतात तो याचसाठी.

जुन्या फ्रिजमध्ये करंट रिले असतो. त्याची कॉइल रनिंगच्या ओळीत. सुरुवातीच्या जोरदार करंटनं लोखंडी दांडी वर ओढली जाते आणि स्टार्टिंगचा काँटॅक्ट जुळतो. वेग आला, करंट उतरला की दांडी आपल्या वजनानं खाली पडते. वजनावर चालणारी गोष्ट असल्यानं हा रिले सरळच बसला पाहिजे. उलटा बसवला तर काँटॅक्ट जुळलेलाच राहतो आणि स्टार्टिंग वाइंडिंग जळतं.

रिले नवा घालूनही तेच होत असेल तर क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) लावा. घरचा फ्रिज चालताना साधारण एक ॲम्पियरच्या आसपास घेतो. सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट उडी मारून सेकंदभरात खाली यायला हवं. उडी घेऊन तिथंच अडकला आणि व्होल्टेज, रिले, कपॅसिटर, वाइंडिंग सगळं बरोबर असेल, तर पंप आतून जाम झालाय असं म्हणता येतं. हे म्हणायचं ते सर्वात शेवटी.

स्टार्ट कपॅसिटर आणि रन कपॅसिटर यांत फरक काय? एकाऐवजी दुसरा चालेल?

चालणार नाही. स्टार्ट कपॅसिटर मोठ्या मायक्रोफॅरडचा असतो, पण क्षणभराच्या कामासाठी केलेला. सतत चालू राहिला तर फुगतो, फुटतो. रन कपॅसिटर कमी मायक्रोफॅरडचा आणि कायम सर्किटमध्ये राहणारा. एसीला तो सहसा २५ ते ५० मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्टचा दिसतो. जेवढा छापलाय तेवढाच घाला. "जरा मोठा टाकला की जोर जास्त" ही समजूत वाइंडिंगला महागात पडते.

आमचं घर मळ्यात आहे. पाणी पाजायची पाळी आली की फ्रिज गुणगुणतो. का?

करवीर, हातकणंगले, शिरोळ, सगळीकडून हा प्रश्न येतो. उसाला पाणी सोडायला आजूबाजूच्या मोटारी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. मोटरचा उठायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० चे १८० व्होल्ट झाले तर व्होल्टेज साधारण २२ टक्क्यांनी उतरलं, पण जोर राहतो फक्त ६१ टक्के. १६० ला तो निम्म्याच्याही खाली जातो. मोटर अडते, ओव्हरलोड तोडतो, गार झाला की परत जोडतो, मोटर परत अडते. रात्रभर असं चाललं की स्टार्टिंग वाइंडिंगचं इनॅमल भाजून निघतं.

वस्तीवरच्या घरांनी फ्रिजला स्टॅबिलायझर घ्यावाच, आणि कमी व्होल्टेजला फ्रिजचा सप्लाय तोडणारा घ्यावा. पाणी चालू असतानाच्या वेळी पॉइंटवर मीटर लावून किती व्होल्ट येतात ते एकदा लिहून ठेवा. स्टॅबिलायझर कुठल्या रेंजचा घ्यायचा ते त्यावरून ठरतं.

पिनेवरची लग जळाली होती. बदलली की झालं?

लग बदलाच, पण कशानं जळली ते बघा. ढिली लग म्हणजे सांध्यात वाढलेला रेझिस्टन्स. एसीचा कॉम्प्रेसर १० ॲम्पियर घेतोय आणि सांध्यात ०.२ ओहम आहेत असं धरा: तिथं २० वॅट उष्णता सतत तयार होते, म्हणजे पिनेच्या टोकावर छोटा सोल्डरिंग आयर्न. सुरू होताना ५० ॲम्पियर गेले तर त्या क्षणी ५०० वॅट. लग काळी पडते, पिन खाल्ली जाते, काच तापते.

रंकाळ्याजवळच्या एका आइस्क्रीमच्या दुकानाचा फ्रीजर आमच्याकडं आला तो "कॉम्प्रेसर बदला" असं ठरवूनच. तीन पिना मोजल्या, बेरीज जुळली, मेगर उत्तम. रनिंगची लग मात्र कोळसा झालेली. पिन घासून पितळी लग नीट दाबून बसवली, वायरचा जळका तुकडा कापून टाकला. आधी कुणीतरी लग नुसती चिमटीनं चेपून बसवली होती, एवढंच कारण.

पिनेवर थेट सोल्डर करू नका. त्या उष्णतेनं काच तडकते.

टर्मिनल उडतो म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे, आणि या धंद्यातला हा सर्वात गंभीर धोका आहे. आत वाइंडिंग बॉडीला शॉर्ट झालं आणि सप्लाय चालू राहिला, तर पिनेच्या मुळाशी आर्क होऊन काच निकामी होते. आतल्या दाबानं पिन गोळीसारखी बाहेर येते, मागोमाग गरम तेल आणि गॅसचा फवारा. ठिणगी मिळाली तर तो फवारा पेटतो. एसीच्या रोटरी कॉम्प्रेसरचा डबा तर आतून पूर्ण हाय प्रेशरवर असतो.

म्हणून टर्मिनलवरचं झाकण आणि त्याची क्लिप कधी फेकून द्यायची नाही. ट्रिप झालेला एमसीबी "एकदा उचलून बघू" म्हणत परत परत चढवायचा नाही. आधी प्लग काढून बॉडी शॉर्ट तपासायचं. झाकण उघडं ठेवून, टर्मिनलसमोर तोंड करून सप्लाय द्यायचा नाही.

हल्लीच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुतेक आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो आपल्या सिलिंडरमधल्या गॅसच्याच कुळातला, जळणारा आणि हवेपेक्षा जड. अशा फ्रिजला उघड्या काँटॅक्टचा जुना रिले बसवू नका. कंपनीनं दिलेला बंद प्रकारचाच घाला. गळतीचा संशय असेल तर खिडक्या उघडा, प्लगला ठिणगी पडेल असं काही करू नका आणि गॅस पूर्ण काढल्याशिवाय नळ्या जोडायची ब्रेझिंगची ज्योत जवळ नेऊ नका.

फ्रिज पुराच्या पाण्यात होता. कॉम्प्रेसर वाचेल का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा चिखली-आंबेवाडीपासून शाहूपुरीपर्यंतचे फ्रिज ओळीनं आमच्या दारात उभे होते. कॉम्प्रेसरचा डबा वेल्डिंगनं बंद असतो, काचेच्या पिनांतून पाणी आत जात नाही. पूर ओसरल्यावर वाइंडिंग आतमध्ये बहुधा कोरडं ठणठणीत असतं. नासतं ते बाहेरचं. टर्मिनलच्या झाकणाखाली गाळ बसतो आणि त्या ओल्या गाळातून पिनांमध्ये करंट वाहतो.

ज्यांनी वरून पुसून दोन दिवसांनी प्लग लावला त्यांचे टर्मिनल जळले. ज्यांनी धीर धरला त्यांचे कॉम्प्रेसर वाचले.

करायचं ते असं. प्लग लावायचा नाही. टर्मिनलचं झाकण काढून स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, मग कोरड्या हवेनं पूर्ण वाळवायचं. रिले, पीटीसी, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट नवे घालायचे. सिरॅमिक आणि काँटॅक्टमध्ये शिरलेला गाळ धुतला तरी निघत नाही. पिनांवरचा गंज घासायचा, तिन्ही रीडिंग घ्यायची, मेगर लावायचा. मेगर कमी आला तर लगेच बाद करू नका, पिनांभोवती अजून ओल असेल. परत वाळवा, परत मोजा. एक गोष्ट मात्र कॉम्प्रेसरच्या हातात नाही: फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये पाणी मुरलं असेल तर कॉम्प्रेसर उत्तम असूनही फ्रिज नीट थंड होत नाही. तिथं खर्च करायचा की नाही हे फ्रिजचं वय बघून ठरवा.

गावच्या दूध संस्थेच्या बल्क कूलरचा कॉम्प्रेसर थ्री फेज आहे. तिथं काय बघायचं?

तिथं तीन वाइंडिंग, तिन्ही सारखी, स्टार्टिंगचा रिले नाही. तीन फेज मिळाले की क्षेत्र आपोआप फिरतं. तिन्ही जोड्यांचं रीडिंग एकसारखं यायला पाहिजे, उदाहरणार्थ ३.२, ३.२, ३.३. एखादं वेगळं पडलं तर वाइंडिंगमध्ये दोष.

इथला शत्रू म्हणजे तुटलेला फेज. ट्रान्सफॉर्मरवर एक डीओ (फेजचा फ्यूज) उडाला की थांबलेली मोटर उठत नाही, नुसती गुणगुणते. चालू असलेली मोटर मात्र दोन फेजवर तशीच ओढत राहते, जादा करंट घेते आणि जळते. स्टार जोडणीची अशी मोटर उघडली तर दोन फेजची वाइंडिंग काळी आणि तिसरी तांबूस, स्वच्छ दिसते. ती खूण दिसली की कॉम्प्रेसर बदलण्याआधी सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) बसवा, नाहीतर नवाही जाईल. संध्याकाळचं संकलन ४ अंशांवर आणायचं असताना कूलर बंद पडला तर नुकसान एका घराचं नसतं, अख्ख्या गावाच्या दुधाचं असतं.

फेजमधला फरकही बघा. ४१०, ४०० आणि ३९० व्होल्ट येत असतील तर सरासरी ४०० आणि सरासरीपासून फरक १०, म्हणजे २.५ टक्के. वाचताना किरकोळ वाटतं, पण करंटमधली तफावत त्याच्या कितीतरी पट होते. दोन टक्क्यांच्या वर गेलं की वायरमनला बोलवा. आणि स्क्रोल कॉम्प्रेसर असेल तर लाइनचं काम झाल्यावर फेजची ओळ तपासा. उलटा फिरला तर मोठा खडखडाट करतो आणि गार काहीच करत नाही.

उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करून मिळतात. कॉम्प्रेसर का नाही?

शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हाताबद्दल आम्हाला आदर आहे. विहिरीवरच्या पंपाची जळकी मोटर ते नव्यासारखी करून देतात. सीलबंद कॉम्प्रेसरची गोष्ट वेगळी. तार, इनॅमल, वार्निश, खाचेतला कागद, दोरा, यातलं सगळं गॅस आणि तेलात वर्षानुवर्षं टिकणारं लागतं. पंपाच्या मोटरचं साहित्य तिथं विरघळतं, फुगतं. डबा कापून परत वेल्ड करताना कचरा आणि दमट हवा आत जाते. घरच्या फ्रिजला हे परवडत नाही. कारखान्यातले बोल्टनं उघडणारे मोठे सेमी-हर्मेटिक कॉम्प्रेसर मात्र योग्य साहित्य वापरून रिवाइंड होतात.

नवीन कॉम्प्रेसर घातला आणि तोही चार महिन्यांत जळाला. असं का?

बहुतेक वेळा जुन्याचं विष सिस्टीममध्ये राहिलेलं असतं. वाइंडिंग जळतं तेव्हा तेल आणि गॅसमधून आम्ल तयार होतं. पाण्याचा अंश आत असेल तर आर-१३४ए सोबतचं तेलही पाणी शोषून आम्ल बनवतं. ते नळ्यांत राहिलं की नव्या वाइंडिंगच्या इनॅमलवर चढतं.

जुना कॉम्प्रेसर काढल्यावर त्यातलं थोडं तेल पांढऱ्या वाटीत ओता. पिवळसर, स्वच्छ असेल तर बहुधा मोटर जळलेली नव्हती आणि बिघाड दुसराच होता. काळं आणि नाकाला झोंबणारं असेल तर हातमोजे घालूनच पुढचं काम करा. नळ्या फ्लश करा, फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा धरणारा) नवाच घाला, कॅपिलरीही (गॅसची केसासारखी बारीक नळी) बदलायच्या तयारीत राहा आणि व्हॅक्यूम पंप घाईनं बंद करू नका. मेकॅनिकनं बिलात ड्रायर आणि व्हॅक्यूमचे पैसे लावले तर त्यावर घासाघीस करू नका. त्यानं ते लावलेच नसतील, तर मात्र का नाही लावले ते विचारा.

जुना कॉम्प्रेसर मेकॅनिकला द्यावा की ठेवावा?

बदलायच्या आधी त्याला तुमच्यासमोर तीन पिना मोजायला सांगा आणि तिन्ही आकडे, बॉडीचं रीडिंग आणि पॉइंटवरचं व्होल्टेज बिलाच्या मागं लिहून घ्या. आकडे जुळत असतील आणि तरीही बदलायचं म्हणत असेल, तर कारण विचारा: जाम आहे, व्हॉल्व्ह गेलाय, की आणखी काही. खरोखर कारण असेल तर मेकॅनिक ते क्लॅम्प मीटरवर किंवा गेजवर दाखवू शकतो. ते पटलं की जुना खुशाल देऊन टाका. भंगारात त्याच्या तांब्याचे पैसे येतात, ते बिलातून वजा करून घ्यायला विसरू नका.